इंदूरच्या घरात एलईडी बसवताना: आधी दिवे मोजा, मग दुकानात जा

‘एलईडी लावा, बिल कमी होईल’ एवढं सगळेच सांगतात. कुठला दिवा आधी बदलायचा, खोक्यावर काय बघायचं, होल्डर जळका असेल तर काय करायचं आणि काढलेल्या जुन्या ट्यूबा टाकायच्या कुठे, हे मात्र कोणी सांगत नाही. नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच घरांतले दिवे बदलून देताना जे हाताला लागलं ते इथे क्रमाने लिहितो. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी इंदूरला आलेल्यांनी पहिली पायरी टाळू नये, कारण इथल्या बिलाचं गणित महाराष्ट्रातल्या बिलापेक्षा वेगळं आहे.

आधी हे जवळ घ्या

- विजेचं ताजं बिल, आणि मिळालं तर गेल्या वर्षीचं याच महिन्याचं
- बिलावरचा आयव्हीआरएस नंबर (आपला ग्राहक क्रमांक, तक्रार असो वा अ‍ॅप, सगळीकडे हाच विचारतात)
- कागद-पेन आणि न पुसला जाणारा मार्कर
- टेस्टर, कोरडं फडकं, लाकडी किंवा प्लास्टिकचं स्टूल
- एखाद-दुसरा जादा होल्डर

१. बिलातली १५० युनिटची रेषा शोधा

मध्य प्रदेशात घरगुती ग्राहकांसाठी अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असेल तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात, वरच्या युनिटांना नेहमीचा दर लागतो. १५० ओलांडलं की सवलत पूर्ण जाते. फक्त वरच्या युनिटांवरची नाही, सगळीच. त्यामुळे १४८ युनिटवाल्याच्या आणि १५४ युनिटवाल्याच्या बिलात सहा युनिटांचा नाही, काहीशे रुपयांचा फरक पडतो.

हिशोब दिवसावर होतो: रोजची सरासरी पाच युनिट. रीडिंग तीस दिवसांऐवजी तेहतीस दिवसांनी घेतलं तर मर्यादाही तेवढी वर सरकते. म्हणून बिलावर नुसती युनिटं बघू नका, मागच्या आणि या रीडिंगची तारीखही बघा.

आता तुमचं घर कुठे बसतं ते ठरवा. तुम्ही १५५ ते १८० च्या पट्ट्यात असाल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. दोन-चार दिवे बदलून तुम्ही रेषेच्या आत येऊ शकता. दोन एसी चालणाऱ्या घरात बिल ४०० युनिटचं येत असेल तर दिवे बदलल्याने फायदा होईल, पण नुसता युनिटागणिक. आणि आधीच ९० युनिटांत भागत असेल तर घाई करू नका, जो दिवा जाईल त्याच्या जागी एलईडी घ्या.

भाड्याने राहणाऱ्यांनी एक गोष्ट विचारून घ्यावी. घरमालक सबमीटरवर ठरावीक दराने पैसे घेत असेल तर सवलतीचा फायदा तुमच्यापर्यंत येतोय की मधेच अडतोय? सवलत जोडणीला असते, खोलीला नाही.

२. घरभर फिरून यादी करा

प्रत्येक दिव्यासमोर तीन गोष्टी लिहा: प्रकार, वॅट, रोज किती तास जळतो. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक अंदाजपंचे भरतात. दिवाणखान्यातला झुंबरवजा दिवा डोळ्यात भरतो म्हणून आधी तो बदलतात. तो पाहुणे आले की लागतो. जिन्यातला, बोळातला, देवघरातला दिवा कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि तो रात्रभर चालू असतो.

साधारण आकडे असे धरा:

- पिवळा साधा बल्ब: त्यावर लिहिलेले असतील तेवढे, ४०, ६० किंवा १०० वॅट
- सीएफएल: १५ वॅटच्या आसपास
- जुनी ट्यूब, लोखंडी चोकची: पट्टीवर ३६ किंवा ४० लिहिलेलं असतं, पण चोक वेगळा खातो, ५० धरा
- एलईडी पट्टी: २० वॅट
- एलईडी बल्ब: बहुधा ९ वॅट

वॅटला तासांनी गुणा, ३० ने गुणा, १००० ने भागा. महिन्याची युनिटं आली.

रामबागेत माझी आत्या राहते. जुनं घर, जाड भिंती, मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. तिच्या देवघरात लाल रंगाचा झीरोचा बल्ब चोवीस तास जळत असे. तो यादीत लिहिला तर म्हणाली, “अरे, झीरोचाच आहे तो, त्याला काय वीज लागते?” लागते, आत्या. जुन्या, तारेच्या झीरो बल्बला १५ वॅटच्या आसपास लागतात. चोवीस तास म्हणजे महिन्याला जवळपास ११ युनिटं. तिच्या स्वयंपाकघरातला ६० चा पिवळा बल्ब संध्याकाळचे पाच तास जळून ९ युनिटं घेत होता, म्हणजे देवघर स्वयंपाकघराच्या पुढे! आता तिथे अर्ध्या वॅटचा लाल एलईडी आहे. त्याचं अख्ख्या महिन्याचं एक युनिटही होत नाही.

३. मीटरच्या लाल दिव्याकडून खात्री करून घ्या

ही पायरी सक्तीची नाही, पण मला सगळ्यात आवडते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी ‘एका युनिटला ३२०० इंपल्स’ अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो (एक इंपल्स म्हणजे एक लुकलुक). काही मीटरवर तो १६०० किंवा ६४०० असतो, आपल्यावरचा वाचा.

घरातलं सगळं बंद करा. फ्रिज, राउटर, सेटटॉप बॉक्स, भिंतीत अडकवून ठेवलेला मोबाइलचा चार्जरसुद्धा. मग फक्त एक ट्यूब लावा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. मीटर ३२०० चा असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, उत्तर वॅटमध्ये येतं. जुनी ट्यूब साडेबावीस सेकंदांनी डोळा मारत असेल तर ५० वॅट. एलईडी पट्टी लावून परत मोजलं तर ५६ सेकंदांच्या आसपास लागतील. १६०० च्या मीटरला ११२५ ऐवजी २२५० धरा.

सगळं बंद करूनही लाल दिवा लुकलुकत राहिला, तर घरात काहीतरी चालू राहिलंय, किंवा वायरिंगमध्ये गळती आहे, किंवा तुमच्या लाइनीवर दुसऱ्या कोणाचा दिवा जळतोय. वाड्यांमधून वेगळ्या काढलेल्या बिऱ्हाडांत हा शेवटचा प्रकार कमी नाही. तसं असेल तर बल्बाआधी वायरमन बोलवा.

४. कुठून सुरुवात करायची ते ठरवा

सगळं घर एका दिवसात बदलायची गरज नाही. क्रम असा ठेवा:

पहिला मान रात्रभर जळणाऱ्यांचा: झीरो बल्ब, जिना, फाटकाजवळचा दिवा. मग ६० आणि १०० चे पिवळे बल्ब, जिथे रोज दोन तासांपेक्षा जास्त जळतात तिथले. मग जुन्या चोकच्या ट्यूबा. सीएफएल सगळ्यात शेवटी. १५ वॅटची सीएफएल काढून ९ चा एलईडी लावला तर रोज पाच तासांच्या वापरात महिन्याला एक युनिटही वाचत नाही. ती जाईपर्यंत वापरा. माळ्यावरचा, कोठीतला, महिन्यातून दोनदा लागणारा पिवळा बल्बही खुशाल राहू द्या.

उदाहरण घ्या. घराचा वापर १६५ युनिट आहे. चोवीस तासांचा झीरो बल्ब बदलला: साडेदहा युनिटं गेली. रोज सहा तास जळणाऱ्या दोन जुन्या ट्यूबांच्या जागी २० वॅटच्या पट्ट्या आल्या: आणखी पावणेअकरा. राहिली १४४. तीन वस्तू बदलल्या आणि घर सवलतीत आलं.

जाता जाता पंख्याचंही सांगून टाकतो. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. उन्हाळ्यात पंधरा तास चालणाऱ्या एकाच पंख्यामागे महिन्याला २० युनिटं वाचतात. तो महाग आहे, पण दिवे बदलूनही रेषेच्या वर राहिलात तर पुढचा पैसा तिथे घाला.

५. बल्ब घेण्याआधी होल्डर बघा

आपल्याकडचे बहुतेक होल्डर पिनवाले असतात, दोन टोकं खाचेत अडकवून फिरवायचे. त्याला बी२२ म्हणतात. झुंबरात आणि नव्या फ्लॅटमधल्या शोभेच्या दिव्यांत आट्यांचे होल्डर येतात: मोठे ई२७, मेणबत्तीच्या आकाराच्या बल्बांचे बारीक ई१४. इंदुरात दुकानदाराला ‘चूडीवाला’ म्हटलं की तो आट्यांचा काढून देतो, पण लहान की मोठा हे तुम्हालाच सांगावं लागतं. मोबाइलवर फोटो काढून न्या.

मेन बंद करा, जुना बल्ब काढा आणि होल्डरच्या आत बॅटरीचा उजेड टाका. पितळेच्या दोन टिकल्या वर आलेल्या, चकचकीत हव्यात. काडीने दाबल्या तर स्प्रिंगने परत उसळल्या पाहिजेत. काळ्या पडल्या असतील, एक टिकली आत बसली असेल, किंवा बॅकेलाइटच्या कडा जळून भुगा पडत असेल, तर आधी होल्डर बदला. वर्षानुवर्षं १०० चा बल्ब जळालेल्या होल्डरची हमखास हीच दशा असते. पिवळा बल्ब अशा ठिकाणी कसाबसा चालून जातो. एलईडीच्या आतला ड्रायव्हर (आलेली वीज एलईडीला लागेल तशी करून देणारं सर्किट) मात्र ढिल्या जोडणीतल्या ठिणग्यांनी लवकर मरतो, आणि आपण बल्बच्या कंपनीला शिव्या देतो.

६. खोक्यावर काय वाचायचं

*लुमेन.* उजेड लुमेनमध्ये मोजतात, वॅट म्हणजे फक्त खर्च. ६० च्या पिवळ्या बल्बचा उजेड ७०० लुमेनच्या आसपास, १०० च्याचा १३०० ते १४००. त्या हिशोबाने ६० च्या जागी ७ ते ९ वॅटचा एलईडी पुरतो, १०० च्या जागी १२ ते १४ चा. दोन खोकी हातात घेऊन, वॅट तेवढेच पण लुमेन कुणाचे जास्त ते बघा.

*तारे.* ऊर्जा दक्षता ब्यूरोचं तारांकन एलईडी बल्बांना २०१८ पासून सक्तीचं आहे. तारे जितके जास्त, तितका एका वॅटमागे उजेड जास्त.

*बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण.* आयएस १६१०२ हा क्रमांक आणि ‘आर’ पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला हवा. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे. त्यात हा आर-क्रमांक टाकला की नोंदणी कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते दिसतं. खोक्यावरचं नाव आणि अ‍ॅपमधलं नाव जुळेना तर बल्ब परत काउंटरवर ठेवा.

*रंग.* २७०० किंवा ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० पांढराशुभ्र. दुकानदार न विचारता ६५०० चा देतो. अभ्यासाला, ओट्यावर तो ठीक आहे. झोपायच्या खोलीत ३००० चा घ्या. अंगणात, गच्चीतही पिवळसरच बरा. पावसाळ्यात पांढऱ्या दिव्याभोवती पाखरांचा जो थवा जमतो तो पिवळसर दिव्यापाशी कमी असतो.

*सीआरआय.* रंग किती खरे दिसतात त्याचा हा आकडा. ८० च्या वर हवा. स्वस्त बल्बखाली कोथिंबीर मरगळलेली दिसते आणि वरण फिकं दिसतं, ते यामुळेच.

*सर्ज.* मान्सूनआधीच्या वादळात लाइट जाते-येते तेव्हा व्होल्टेज उसळी मारतं. ‘४ केव्ही सर्ज’ असं लिहिलेला बल्ब घेतलात तर तो जून पाहील.

७. कुठून घ्यायचे

घाऊक आणि निवड दोन्ही हवं तर महाराणी रोड. विजेच्या सामानाच्या दुकानांची रांगच आहे. दोन-तीन बल्बच हवे असतील तर गल्लीतलं दुकान बरं, कारण वॉरंटीत बदलून घ्यायला परत तिथेच जायचंय. बिल मागा. ‘पक्कं बिल कशाला, मी बसलोय ना’ हे वाक्य ऐकलंत की नक्कीच मागा.

हातगाडीवर कर्णा लावून विकतात ते बल्ब मी घेत नाही. त्यांवर ९ वॅट लिहिलेलं असतं. खरंच किती आहेत ते तिसऱ्या पायरीतला मीटर सांगेल. कित्येक तर जुन्या बल्बांची दुरुस्ती करून नव्या टोपणात घातलेले असतात.

‘एलईडी महाग पडतात’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात, ते उगीच नाही. सरकारच्या ईईएसएल कंपनीला २०१४ मध्ये एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता. ५ जानेवारी २०१५ ला लोकांना स्वस्तात एलईडी देणारी उजाला योजना सुरू झाली, कोट्यवधींनी खरेदी झाली आणि २०१६ मध्ये हाच भाव ३८ रुपयांवर आला. मनात मात्र जुना भाव घर करून बसलाय. त्यांना दुकानात सोबत न्या, वाद संपतो.

८. बसवताना

मेन बंद. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत बटण कधीकधी न्यूट्रलवर बसवलेलं असतं आणि बंद असतानाही होल्डरमध्ये फेज येत राहतो. पिवळा बल्ब गार होऊ द्या. एलईडी फिरवताना वरचा पांढरा घुमट धरू नका, तो निखळतो. खालचं अंग धरा.

बसवण्याआधी मार्करने बल्बच्या अंगावर तारीख आणि दुकानाची खूण लिहा. वॉरंटी एक किंवा दोन वर्षांची असते आणि दीड वर्षाने बिल सापडत नाही.

ट्यूबच्या बाबतीत जुन्या पट्टीतच एलईडी नळी अडकवायचा मोह होतो. चोक आणि स्टार्टर तसेच ठेवून ती चालेलच असं नाही. बहुतेक नळ्यांना चोक बायपास करून स्टार्टर काढावा लागतो आणि वायरिंग बदलावं लागतं. त्यापेक्षा जुनी पट्टी पूर्ण उतरवून २० वॅटची अखंड पट्टी लावा. वायरमनचं अर्ध्या तासाचं काम आहे. जुना लोखंडी चोक भंगारवाला घेतो, तांब्यासाठी.

चारी बाजूंनी बंद काचेच्या हंडीत एलईडी लावू नका. त्याचा ड्रायव्हर उष्णतेने जातो, आणि बंद हंडीत उष्णता बाहेर पडायला जागा नसते. हंडी वरून उघडी असेल तर चालेल.

९. बसवल्यावरच्या तक्रारी

*बटण बंद, तरी मंद उजेड.* दोन कारणं. बटणात बारीक लाल खूणदिवा असेल तर त्यातून झिरपणारी वीज एलईडीला पुरते. साधं बटण लावा. नाहीतर बटण न्यूट्रलवर आहे. वायरमनकडून ते फेजवर आणून घ्या. दुसरं कारण धोक्याचंही आहे, टाळू नका.

*लुकलुकतो.* जुना, बल्ब मंद करायचा रेग्युलेटर असेल तर साधा एलईडी त्यावर चालत नाही. रेग्युलेटर काढा, किंवा ‘डिमेबल’ लिहिलेला बल्ब घ्या. तसं काही नसेल तर होल्डर ढिला आहे.

*एकाच जागचा बल्ब वारंवार जातो.* बल्ब नाही, जागा तपासा: होल्डर, ढिली वायर, बंद हंडी. घरभरचेच जात असतील तर व्होल्टेज चढतंय; १९१२ वर तक्रार नोंदवा.

१०. बिल तपासा

या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नका. एप्रिलमध्ये दिवे बदलले आणि मे महिन्याचं बिल वाढलं तर तो पंखे-कूलरचा प्रताप आहे. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. घरात स्मार्ट मीटर असेल तर वीज कंपनीच्या ऊर्जस अ‍ॅपवर वापर बघता येतो. महिना संपायच्या आधीच १५० च्या रेषेपासून किती लांब आहात ते कळतं, आणि शेवटच्या आठवड्यात हात आवरता येतो.

११. काढलेल्या दिव्यांचं काय करायचं

साधा पिवळा बल्ब म्हणजे काच आणि तार, त्यात विषारी काही नाही. कागदात गुंडाळून द्या. सीएफएल आणि जुन्या ट्यूबांत थोडा पारा असतो. २०२३ मध्ये पाऱ्याच्या वापरावरच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या बैठकीत देशांनी फ्लोरोसंट ट्यूबा २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलं, ते या पाऱ्यापायीच.

इंदुरात घरोघरी येणारी कचरागाडी सहा प्रकारचा कचरा वेगळा घेते: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरगुती घातक. सीएफएल आणि ट्यूब घातकच्या कप्प्यात, गेलेला एलईडी ई-कचऱ्यात. गाडीत फेकू नका. ट्यूब मूळ खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीवरच्या माणसाच्या हातात द्या आणि आत काय आहे ते सांगा.

घरात सीएफएल फुटलीच तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना घेऊन दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर जा. नंतर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक भुगा चिकटपट्टीने उचला, सगळं झाकणाच्या बरणीत घाला आणि वर ‘फुटलेली सीएफएल’ असं लिहून दुसऱ्या दिवशी गाडीवर द्या.

भाडेकरूंनी काढलेले जुने, चालू बल्ब टाकू नयेत, एका खोक्यात ठेवावेत. घर सोडताना ते परत लावा आणि आपले एलईडी काढून घेऊन जा.